‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर पतसंस्थेत का चालत नाही

प्रश्न असा आला आहे: “मी सांगली जिल्ह्यातील एका ग्रामीण बिगरशेती पतसंस्थेवर महिला राखीव जागेवरून संचालक म्हणून निवडून आले. लेखापरीक्षण अहवालात दरवर्षी तेच दोष येतात आणि थकबाकी वाढत चालली आहे. सभेत विचारले, तर चेअरमन व्यवस्थापकाकडे बोट दाखवतात, व्यवस्थापक वसुली कर्मचाऱ्याकडे, आणि जुने संचालक म्हणतात की आम्ही फक्त सही करतो. यातली खरी अडचण कोणती आणि सबब कोणती, हे कसे ओळखावे? आणि उद्या संस्था बुडाली, तर मलाही जबाबदार धरले जाईल का?”

ताई, आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर नीट कळल्याशिवाय बाकीच्या विवेचनाला अर्थ राहणार नाही. होय, आपल्यालाही जबाबदार धरले जाऊ शकते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की समितीने आपल्या मुदतीत घेतलेल्या निर्णयांना, तसेच संस्थेच्या हिताला बाधक ठरणाऱ्या तिच्या कृतींना आणि निष्काळजीपणाला, समितीचे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. आपल्या कारकिर्दीपूर्वी मंजूर झालेल्या कर्जाचा निर्णय आपल्या माथी मारता येणार नाही. मात्र त्या कर्जाची वसुली आपल्या मुदतीत का झाली नाही, किंवा तेच कर्ज आपल्या सहीने ‘नवे-जुने’ कसे झाले, म्हणजे नवे कर्ज दाखवून जुने थकलेले कर्ज भरल्याचे कसे दाखवले गेले, हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. पुढे कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची निश्चिती झाली, तर माजी पदाधिकारीही त्यातून सुटत नाहीत. एवढेच नव्हे, तर मयत पदाधिकाऱ्याच्या बाबतीत त्याची मालमत्ता ज्या वारसाकडे गेली, त्याला आरोपांचे उत्तर द्यावे लागते. नवऱ्याच्या संचालकपदाबद्दल घरात अवाक्षरही न ऐकलेल्या एखाद्या विधवेच्या हाती अशी नोटीस पडते, तेव्हा ‘आम्ही फक्त सही करतो’ या वाक्याची किंमत काय असते, ते दिसते.

आणि हे सारे कशासाठी, तर ठेवीदारासाठी. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे, पण ते पतसंस्थेतील ठेवीला लागू नाही. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाची अल्पबचत, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले बेदाण्याचे पैसे हे सारे केवळ माणसांवरच्या विश्वासाने आपल्या संस्थेत आलेले असते. म्हणून संचालकाची सबब ही शाळकरी मुलाच्या सबबीसारखी हसून सोडून देण्याची गोष्ट नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. मी अनेक वर्षे या जिल्ह्यातील पतसंस्थांचे आणि विकास सोसायट्यांचे, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थांचे, लेखापरीक्षण करीत आलो आहे. सबब आणि अडचण वेगळी करण्यासाठी मला एकच कसोटी भरवशाची वाटते, ती म्हणजे नोंदीची तारीख. खरी अडचण ज्या दिवशी आली, त्या दिवसाच्या आसपास ती कोणीतरी कोणालातरी कळवलेली असते. एखादे पत्र असते, सभेच्या इतिवृत्तात दोन ओळी असतात, तलाठ्याचा पंचनामा असतो, निदान व्यवस्थापकाच्या डायरीत टाचण असते. सबब मात्र विचारणा झाल्यावर जन्माला येते आणि तिचा मागमूस आधीच्या कोणत्याही कागदावर सापडत नाही. सांगणाऱ्याचा आवाज, चेहरा किंवा शपथ यांवरून निवाडा करू जाल, तर फसाल. सच्चा पण भित्रा माणूस अडखळतो आणि सराईत माणूस खणखणीत बोलतो.

उदाहरणादाखल आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठी अडचणच घेऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुराचा आवाका कळतो. पलूस, मिरज आणि वाळवा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांमध्ये दुकाने, घरे आणि संस्थांची कार्यालये दिवसेंदिवस पाण्यात होती, आणि तेथील काही संस्थांचे दप्तर खरोखर भिजले, काहींचे वाहून गेले. अशा एका संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी पाणी चढत असताना खतावण्या वरच्या मजल्यावर नेल्या, जे राहिले त्याची यादी पाणी ओसरताच केली, ती यादी आणि पंचनामा जोडून सहायक निबंधकांना, म्हणजे सहकार खात्याच्या तालुक्यातील अधिकाऱ्यांना, पत्र दिले, आणि मग सभासदांची पासबुके मागवून, जिल्हा बँकेतील खात्याचे उतारे काढून हिशेब पुन्हा उभा केला. त्या संस्थेच्या अहवालात मी दप्तर नष्ट झाल्याबद्दल एकही कडक शेरा लिहिला नाही. कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे. जबाबदारी निश्चित करण्यापूर्वी निबंधकाने दप्तर तपासून हे ठरवायचे असते की नुकसान सदस्यांच्या कृतीमुळे झाले, की नैसर्गिक आपत्ती, अपघात किंवा त्यांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे.

पण पुढे काही वर्षे ‘दप्तर पुरात गेले’ हे उत्तर नदीपासून दूर, चढावरच्या गावांतील संस्थांकडूनही ऐकू येऊ लागले. कुठे पुराच्या आधीच्या वर्षांची कर्जप्रकरणे तेवढी भिजली होती आणि त्याच कपाटातली ठेवींची पुस्तके कोरडी होती. कुठे २०१९ सालच्या पुरात गेलेल्या म्हणून सांगितलेल्या फाइलचा उल्लेख २०२० च्या इतिवृत्तात ‘फाइल अवलोकन केली’ असा होता. अशा वेळी वाद घालण्याची गरज नसते. पंचनाम्याची प्रत मागावी, निबंधक कार्यालयाला कळवल्याच्या पत्राचा जावक क्रमांक मागावा आणि दप्तर पुन्हा तयार करण्यासाठी काय केले, ते विचारावे. तिन्ही नसतील, तर इतिवृत्तात ‘तिन्ही उपलब्ध नाहीत’ एवढेच लिहून घ्यावे. ज्यांनी खरोखर पूर सोसला, त्यांच्या दुःखाचा आडोसा दुसऱ्याने घ्यावा, याचा मला मनापासून राग येतो, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

थकबाकीच्या सबबी याच कसोटीवर तपासता येतात. ‘कर्जमाफीच्या आशेने लोक भरत नाहीत’ हे वाक्य आपल्या सभेत नक्की ऐकले असेल. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, या दोन्ही बँका आणि विकास सोसायट्यांकडील शेतीकर्जासाठी होत्या. बिगरशेती पतसंस्थेने दुकानाला, गाडीला किंवा घराला दिलेल्या कर्जाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. म्हणजे कर्जदाराने चुकीची आशा धरली असेल, तर ती दूर करणे हे संस्थेचे काम होते, आणि तसे पत्र कर्जदारांना गेले होते का, हाच खरा प्रश्न आहे. ‘उसाचे बिल आले नाही’ ही तक्रार मात्र लगेच झटकू नये. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यावयाची असते आणि ती पुष्कळदा लांबते. कर्जदाराच्या कारखान्याच्या पावत्या आणि बँक खात्याचा उतारा पाहिला, म्हणजे बिल खरेच अडकले आहे, की जमा होऊन दुसरीकडे गेले, ते दहा मिनिटांत कळते. द्राक्षबागेचेही तसेच आहे. ऐन फळछाटणीनंतर पाऊस झाला आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाने घड गेले, तर ते तासगावात सर्वांना माहीत असते आणि शेजाऱ्याच्या बागेतही दिसते. अशा कर्जदाराला मुदत वाढवून देणे हा सभेने कारणासह घ्यायचा रीतसर निर्णय आहे, त्याकडे डोळेझाक करणे नव्हे.

‘प्रकरण कोर्टात आहे’ याबद्दल फक्त एवढेच सांगतो की क्रमांक विचारावा. पतसंस्थेची वसुली सहसा निबंधकांकडून मिळणाऱ्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याने आणि त्यानंतर कलम १५६ खालील वसुली अधिकाऱ्यामार्फत होते. पुष्कळदा असे आढळते की दाखल्यासाठी अर्जच केलेला नसतो, किंवा दाखला मिळून दोन-दोन वर्षे कपाटात पडलेला असतो आणि जप्तीची नोटीस काढायला कोणी गेलेले नसते.

आता ज्या दोन सबबींनी आपल्या भागातील संस्थांचे सर्वाधिक नुकसान केले, त्यांच्याकडे वळतो. पहिली म्हणजे ‘वरून सांगितले होते’. कर्जदार कोणाचा तरी कार्यकर्ता असतो, कोणाचा तरी पाहुणा असतो. फोन येतो आणि तारणाचे मूल्यांकन न होताच कर्ज मंजूर होते. पुढे थकल्यावर संचालक म्हणतात, “आमचा नाइलाज होता.” हा नाइलाज मला समजतो. गावात राहायचे, त्याच नेत्याच्या पॅनेलमधून निवडून यायचे आणि त्याच्याच माणसाला नकार द्यायचा, हे सोपे नाही. तरीही ज्याने फोन केला, त्याची सही कर्जमंजुरीच्या ठरावाखाली नसते, आपली असते, आणि चौकशी अधिकारी सहीपुढे तोंडी फोन मोजत नाही. शिवाय माझा अनुभव असा आहे की ‘तारणाचा दाखला आणि दोन सक्षम जामीनदार आले, की पुढच्या सभेत घेतो’ असे शांतपणे सांगितले, तर बहुतेक नेते पुन्हा फोन करीत नाहीत. आधीच मान तुकवण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की नकाराचा परिणाम काय होतो, हे अजमावूनही पाहिले जात नाही.

दुसरी सबब आपल्याशी थेट संबंधित आहे, म्हणून ती अधिक सविस्तर मांडतो. ‘मी नावापुरती आहे, सगळे घरचे पाहतात’ असे राखीव जागेवरून आलेल्या अनेक भगिनी सांगतात, आणि ते खोटे नसते. समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव असतात; त्या भरल्या जातात, पण सभेची नोटीस पतीच्या हाती दिली जाते आणि चार दिवसांनी शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताचे पुस्तक, घेऊन घरी सहीला येतो. बाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येतात आणि बोट ठेवलेल्या जागी सही करतात. यात अन्याय आहे आणि तो प्रथम संस्थेने केलेला आहे. पण त्या सहीने दोन गोष्टी घडतात, त्या आपण जाणून घ्याव्यात. कायद्याने गैरहजर सदस्याला संरक्षण दिले आहे: जो सदस्य सभेला हजर नव्हता आणि ज्याने त्या सभेचे इतिवृत्त नंतर कायमही केले नाही, त्याला त्या सभेतील कामकाजाबद्दल जबाबदार धरता येत नाही. घरी आलेल्या पुस्तकावर सही केली, की आपण न बसलेल्या सभेला हजर ठरता. पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या पहिल्या विषयावर न वाचता मान डोलावली, की गैरहजेरीचे उरलेले संरक्षणही जाते. म्हणून शिपाई आला, तर त्याच्यावर रागावू नये. पुस्तक सभेतच पाहीन, असे सांगून परत पाठवावे. जे पुरुष संचालक ‘आम्ही फक्त सही करतो’ म्हणतात, त्यांना तर हीही सोय नाही, कारण ते सभेत बसलेले असतात, चहा घेतात, भत्त्याच्या रकान्यात सही करतात आणि कर्जाच्या ठरावाबद्दल मात्र कानांवर हात ठेवतात.

लेखापरीक्षणात तेच दोष दरवर्षी का येतात, याचे उत्तर दोषदुरुस्ती अहवालाच्या भाषेत सापडते. कलम ८२ प्रमाणे अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने दोषांचे स्पष्टीकरण देऊन दुरुस्तीची पावले उचलायची असतात आणि ‘ओ’ नमुन्यात तसा अहवाल पाठवायचा असतो. आपल्या संस्थेचे मागील तीन अहवाल शेजारी ठेवून वाचा. ‘नोंद घेण्यात आली’, ‘दुरुस्ती करण्यात येत आहे’, ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ अशी वाक्ये त्यांत वर्षानुवर्षे जशीच्या तशी आढळतील. या वाक्यांना कर्ता नाही. कोण दुरुस्ती करीत आहे, कधीपर्यंत करणार आहे, हे त्यांत कुठेच नसते, आणि जिथे काम कोणाच्याच नावावर नसते, तिथे ते न झाल्याचा दोष कोणावरही ढकलता येतो. चेअरमन व्यवस्थापकाकडे आणि व्यवस्थापक वसुली कर्मचाऱ्याकडे बोट दाखवतो, ते याच मोकळ्या जागेमुळे. त्यामुळे आपण पहिला आग्रह धरावा, तो माणसे बदलण्याचा नव्हे, तर वाक्ये बदलण्याचा. ‘तारण मालमत्तांचे मूल्यांकन करण्यात येत आहे’ याऐवजी ‘अमुक सात कर्जखात्यांच्या तारणाचे मूल्यांकन व्यवस्थापकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत करून घ्यावे व नोव्हेंबरच्या सभेत मांडावे’ असा ठराव झाला, की पुढच्या सभेत सबब सांगणे फार अवघड होते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिथे हा अहवाल सभासदांपुढे येतो, हेही सर्वांना आठवण करून द्यावे.

सभेत प्रश्न कसा विचारावा, यालाही महत्त्व आहे. ‘वसुली का झाली नाही?’ असे विचारले, की समोरचा माणूस बचाव शोधू लागतो, कारण तो प्रश्न मागे पाहणारा आहे आणि त्यात आरोप ऐकू येतो. ‘या खात्यावर शेवटचे काय केले, कोणत्या तारखेला, आता पुढची पायरी कोणती आणि ती कोण उचलणार?’ असे विचारले, तर उत्तर एक तर माहितीने द्यावे लागते, नाही तर ‘काही केले नाही’ असे कबूल करावे लागते. आणि अशी कबुली कोणी दिली, तर कृपा करून तिचा सन्मान करावा. आपल्या संस्थांमध्ये व्यवस्थापकाचा पगार तुटपुंजा असतो, त्याला दहा संचालकांची मर्जी सांभाळावी लागते, आणि थकलेले सर्वांत मोठे खाते त्यातल्याच एखाद्याच्या भावाचे असते. चूक त्याच दिवशी येऊन सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला चारचौघांत फैलावर घेतले, तर तो पुढची चूक लपवील आणि ती लपवण्यासाठी सबबी रचायला शिकेल. मग त्या सबबींना आपणही काही अंशी जबाबदार असू. माझा स्वतःचा दंडक असा आहे की आपणहून सांगितलेल्या चुकीबद्दल मी खुलासा घेतो आणि दुरुस्तीला मुदत देतो, पण शोधून काढावी लागलेली चूक अहवालात लिहितोच. या फरकाची आपल्या सभेत रीत पडली, तर संबंध तोडल्याशिवाय पुष्कळ काम होईल. ज्या ज्येष्ठ संचालकाकडून उत्तर हवे आहे, त्यांना सभेच्या आधी घरी जाऊन ‘आबा, हा विषय मी काढणार आहे, कागद बरोबर आणा’ असे सांगण्यातही कमीपणा नाही.

एवढे करूनही नियमबाह्य ठराव पुढे रेटला गेला, तर आपल्याकडे कायद्याने दिलेले एक साधन आहे आणि ते न वापरणे हीच आपली सबब ठरू नये. ठरावाला असहमती असलेल्या सदस्याला आपले विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घेता येते, आणि तसे नोंदवले तर त्या ठरावाबद्दल त्याच्यावर जबाबदारी येत नाही. इच्छा असल्यास तीच विरोधाची टिपणी ठरावाच्या तारखेपासून सात दिवसांत निबंधकांकडे लेखी पाठवता येते. नुसते तोंडी ‘मला पटत नाही’ म्हणून भागत नाही, कारण तोंडी विरोध चार वर्षांनी कोणालाच आठवत नाही. व्यवस्थापक नोंद घ्यायला टाळाटाळ करू लागला, तर त्याच दिवशी टिपणी लिहून संस्थेत द्यावी, पोच घ्यावी आणि एक प्रत सात दिवसांच्या आत सहायक निबंधक कार्यालयाच्या आवक शाखेत देऊन तिच्यावरही शिक्का घ्यावा.

राजीनामा द्यावा का, असे आपण विचारलेले नाही, पण अशा पत्रांमागे बहुधा तो विचार असतो. राजीनाम्याने पुढची जबाबदारी थांबते, आजवर सही केलेल्या ठरावांची नाही. त्यापेक्षा पुढील सभेच्या नोटिशीपूर्वी चेअरमनना एक लेखी पत्र द्यावे आणि त्यात तीन विषय विषयपत्रिकेवर घेण्याची मागणी करावी: सर्वांत मोठ्या थकीत खात्यांची कलम १०१ खालील स्थिती खातेनिहाय, मागील तीन दोषदुरुस्ती अहवालांतील न सुटलेल्या दोषांची नाव आणि मुदत घालून वाटणी, आणि प्रोसिडिंग बुक यापुढे सभेबाहेर सहीला न पाठवण्याचा ठराव. पत्राची पोच जपून ठेवावी, आणि आपण यापूर्वी घरी बसून ज्या इतिवृत्तांवर सह्या केल्या असतील, त्यांच्या प्रती त्याच वेळी मागून घेऊन एकदा शांतपणे वाचाव्यात.